ॲक्रेडिटेशन, रँकिंग की सामाजिक नाव? बी-स्कूल निवडताना कशाला किती वजन द्यावं

ॲक्रेडिटेशन मिळालं म्हणजे संस्था बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासणीत उतरली. रँकिंगमध्ये मुख्यतः दिसतं ते काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांचं आज कसं चाललंय. आणि समाजाभिमुख संस्था म्हणून असलेलं नाव कितपत खरं, हे ते कोण सांगतंय यावर ठरतं. या तिन्हींची बेरीज करून एमबीएचा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी ॲक्रेडिटेशन. तीन नावं महत्त्वाची: अमेरिकेत १९१६ साली सुरू झालेली एएसीएसबी, युरोपातल्या ईएफएमडी या व्यवस्थापन शिक्षणाच्या संघटनेचं इक्विस आणि लंडनची अँबा. पहिल्या दोन्ही अख्ख्या संस्थेची तपासणी करतात. अँबाचा भर एमबीएसारख्या अभ्यासक्रमांवर असतो आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, असा तिचा आग्रह आहे. वर्गातल्या चर्चेतून शिकायचं असेल तर ही अट तुमच्या फायद्याची आहे. तिन्ही मिळवलेल्या संस्थांना ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. जगभरात त्या शंभराहून जास्त आहेत. हार्वर्ड, स्टॅनफर्ड आणि व्हार्टन ही अमेरिकेतली नावाजलेली बी-स्कूल्स मात्र त्यांत नाहीत, त्यांच्याकडे एकट्या एएसीएसबीचं ॲक्रेडिटेशन आहे. म्हणून तीन लोगो असलेली संस्था एक लोगो असलेल्या संस्थेपेक्षा सरस, असं धरून चालू नका. एक गोष्ट मात्र नक्की तपासा. एएसीएसबी किंवा ईएफएमडीचं ‘सदस्य’ असणं वेगळं आणि ॲक्रेडिटेशन मिळालेलं असणं वेगळं. माहितीपत्रकात हा फरक सहज पुसट होतो. ॲक्रेडिटेशन देणाऱ्यांच्या स्वतःच्या यादीत संस्थेचं नाव आहे का, ते बघा.

रँकिंगचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या जागतिक एमबीए यादीत यायचं तर एएसीएसबी किंवा इक्विस लागतंच, म्हणजे तिथली चाळणी आधीच लागलेली असते. पुढे पदवी घेऊन तीन वर्षं झालेल्या माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावली जाते. पगार आणि पगारातली वाढ यांना सर्वांत जास्त वजन असतं, आणि देशोदेशीचे पगार क्रयशक्तीनुसार, म्हणजे तिथे त्या पैशात किती विकत घेता येतं त्यानुसार, जुळवून डॉलरमध्ये मांडले जातात. तेव्हा यादीतला तो आकडा तुमच्या खात्यात जमा होणारी रक्कम समजू नका. व्हार्टन २०२२ मध्ये या यादीत पहिलं होतं. २०२३ मध्ये पुरेशा माजी विद्यार्थ्यांनी प्रश्नावली न भरल्यामुळे ते यादीतच नव्हतं, आणि २०२४ मध्ये पुन्हा पहिलं. शिक्षण तेच राहिलं, एका वर्षासाठी गळलं ते फक्त यादीतलं नाव.

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूल या बी-स्कूलचं उदाहरण याहून गंभीर आहे. त्यांचा ऑनलाइन एमबीए यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाच्या यादीत सलग चार वर्षं पहिला होता. दिलेली माहिती खोटी होती, हे २०१८ मध्ये उघड झालं आणि तिथल्या माजी डीनना २०२१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. रँकिंगला लागणारी बरीच माहिती संस्थाच पुरवते, हे विसरू नये. दहा-पंधरा क्रमांकांचा फरक मी तरी फरक मानणार नाही. एकूण क्रमांकापेक्षा तुम्हाला हवा तो रकाना वाचा.

सामाजिक नाव तपासणं सगळ्यांत अवघड. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने २००७ पासून चालणाऱ्या ‘प्राइम’ (PRME) या जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाच्या उपक्रमाची तत्त्वं मान्य करून संस्था सही करतात आणि प्रगतीचा अहवाल देतात. सही म्हणजे इरादा, पुरावा नव्हे. २०२० मध्ये आलेलं पॉझिटिव्ह इम्पॅक्ट रेटिंग, म्हणजे बी-स्कूलच्या सामाजिक परिणामाचं मूल्यांकन, मला जास्त विश्वासाचं वाटतं, कारण तिथे मत विद्यार्थ्यांचं घेतलं जातं आणि संस्थांना क्रमांक न देता पाच पातळ्यांत बसवलं जातं. पण भाग घेणाऱ्या संस्था मोजक्या असल्याने तुमच्या यादीतलं नाव तिथे सापडेलच असं नाही.

मग खरं-खोटं कसं ओळखायचं? पैसा कुठे जातो ते पाहून. येल आणि स्टॅनफर्डमध्ये सामाजिक किंवा सरकारी क्षेत्रात कमी पगारावर काम करणाऱ्या पदवीधरांना कर्जफेडीसाठी मदत मिळते. अशी योजना असेल तर संस्था त्या वाटेला खरंच मानते. दुसरी खूण अभ्यासक्रमात सापडते: शाश्वतता, श्रमहक्क, हवामान हे विषय सक्तीचे आहेत, की शेवटच्या सत्रातल्या ऐच्छिक यादीत? इथे रँकिंगशी सरळ संघर्ष होतो. ज्या संस्थेचे विद्यार्थी स्वयंसेवी क्षेत्रात जातात, तिचा सरासरी पगार खाली येतो आणि क्रमांकही घसरू शकतो. फायनान्शियल टाइम्स आता कार्बन उत्सर्जनासारख्या बाबींनाही गुण देतं, पण पगारापुढे त्यांचं वजन कमीच आहे.

कर्ज काढून शिकणार असाल आणि कन्सल्टिंग किंवा फायनान्सकडे ओढा असेल, तर ॲक्रेडिटेशनची खात्री करून घ्या आणि मग रँकिंगमधला पगार व प्लेसमेंट रिपोर्टला प्राधान्य द्या. सामाजिक क्षेत्रात जायचं असेल तर वीस क्रमांक खालची संस्थाही बिनधास्त निवडा, पण प्रवेशाआधी तिथल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना फोन करा. पहिल्या नोकरीत किती पगार मिळाला आणि कर्जाचा हप्ता कसा भागवला, हे त्यांना थेट विचारा.