वर्गणीतला टक्का द्यावा की दरमहा भाडं भरावं?

ईमेलने जाणाऱ्या न्यूजलेटरसाठी वाचकांकडून वर्गणी घ्यायची ठरली, की पुढचा प्रश्न येतो बिऱ्हाड कुठे थाटायचं, म्हणजे ते कुठल्या सेवेवरून पाठवायचं याचा. बहुतेक लेखक कमिशनचा आकडा बघून निर्णय घेतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: तुमच्या यादीत फुकट वाचणारे किती आहेत, आणि उद्या जागा सोडायची झाली तर वर्गणीदार बरोबर येतील का.

पर्याय मुळात दोन जातींचे आहेत. 2017 साली सुरू झालेली न्यूजलेटर-सेवा सबस्टॅक तुम्ही कमावलंत तरच घेते, वर्गणीच्या 10 टक्के. फुकट अंक कितीही जणांना पाठवा, एक पैसा लागत नाही. घोस्ट आणि बीहाइव्ह या तशाच दुसऱ्या सेवा वर्गणीला हात लावत नाहीत, पण दरमहा भाडं घेतात. इथे एक मेख आहे. हे भाडं यादीतल्या एकूण नावांवर ठरतं आणि त्यात फुकटे वाचकही मोजले जातात.

समजा, भाडं महिन्याला 50 डॉलर आहे आणि वर्गणी 5 डॉलर. 100 वर्गणीदार झाले की दोन्ही पर्याय सारख्याच खर्चाचे होतात. त्याखाली कमिशन स्वस्त, त्यावर भाडं. पण हे 100 जण 800 नावांच्या यादीतून आलेत की 10,000 नावांच्या, यावर भाडं पार बदलतं. छोटी यादी आणि त्यात पैसे देणारे बरेच, तर भाडं परवडतं. मोठी यादी आणि पैसे देणारे मूठभर, तर 10 टक्के देऊन गप्प बसलेलं बरं.

आता ज्या कपातीकडे कुणी बघत नाही ती. सबस्टॅक आणि घोस्टवर कार्डाचे पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या कंपनीमार्फत येतात. स्ट्राइपचा अमेरिकेतला दर प्रत्येक व्यवहाराला 2.9 टक्के अधिक 30 सेंट आहे. नियमित वर्गणीवर वर आणखी 0.7 टक्के. यातले 30 सेंट घातक, कारण छोट्या रकमेलाही ते तेवढेच लागतात. सबस्टॅकवर महिन्याच्या 5 डॉलरपैकी 50 सेंट कमिशन आणि जवळजवळ तेवढेच स्ट्राइपचे गेले, की हातात उरतात साधारण 4.02 डॉलर. म्हणजे ‘10 टक्के’ म्हणता म्हणता 20 टक्के गेले. वार्षिक वर्गणी 50 डॉलर ठेवली तर तेच 30 सेंट वर्षातून एकदा कापले जातात आणि हातात 42.90 येतात.

यावर कुणी म्हणेल, बारा महिन्यांचे मिळून 48 होतात, मग मासिकच बरं की! होतात, पण वाचक बारा महिने टिकला तर. दरमहा 5 टक्के गळती धरा, ती काही फार नाही. वर्षाअखेर 100 पैकी 54 जण उरतात आणि वर्षभरात माणशी सरासरी नऊच्या आसपास हप्ते येतात. हातात पडतात सुमारे 37 डॉलर. सवलत देऊनही वार्षिक वर्गणी पुढे राहते. जागा कुठलीही निवडा, वार्षिकचं बटण ठळक ठेवा.

मग सबस्टॅकला टक्का द्यायचाच कशाला? नव्या वाचकांसाठी. 2022 पासून तिथे एक लेखक दुसऱ्याची शिफारस करू शकतो. एका न्यूजलेटरसाठी नाव नोंदवणाऱ्यापुढे लगेच आणखी दोनचार येतात. यादी भराभर फुगते, हे खरं. पण एका टिचकीत आलेला वाचक पाकीट उघडेलच असं नाही, म्हणून शिफारशीतून आलेले आणि स्वतःहून शोधत आलेले मी वेगळे मोजेन. घोस्टवर नवे वाचक आणायची हमाली मुख्यतः तुमचीच. आधीच ओळख असलेल्या लेखकाला ती जड जात नाही. पाटी कोरी असेल तर मात्र पहिलं वर्ष निघता निघत नाही.

चाहत्यांनी कलावंताला दरमहा पैसे द्यायची सेवा म्हणजे पॅट्रिऑन, त्याबद्दल थोडक्यात. पॉडकास्ट, चित्रं, व्हिडिओ असं सगळं एकत्र देणार असाल तर ठीक. निव्वळ लिखाणासाठी मी तिथे जाणार नाही, कारण वाचकांच्या कार्डाचा व्यवहार पॅट्रिऑनच्या हातात असतो. निघताना प्रत्येकाला नव्याने पैसे भरायला सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर किती जण भरतील?

सबस्टॅकवर स्ट्राइपचं खातं लेखकाचं स्वतःचं असतं, त्यामुळे वर्गण्या चालू ठेवून घर बदलता येतं. जानेवारी 2024 मध्ये ‘प्लॅटफॉर्मर’ हे न्यूजलेटर तिथल्या नाझी मजकुराच्या वादावरून घोस्टवर गेलं. आणि घर बदलायची वेळ दर वेळी तुमच्या मर्जीनेच येते असंही नाही: ट्विटरने 2021 मध्ये घेतलेली रेव्ह्यू ही न्यूजलेटर-सेवा जानेवारी 2023 मध्ये बंद झाली, तर मेलचिंप कंपनीची टायनीलेटर ही तसलीच सेवा 2024 मध्ये.

तेव्हा यादी रिकामी असेल तर सबस्टॅक, पण पहिल्या दिवसापासून यादीची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवायची. पैसे देणाऱ्यांचं प्रमाण घट्ट बसलं आणि कमिशन भाड्याच्या दुप्पट जायला लागलं की घोस्ट. हलताना स्ट्राइपच्या खात्याचा सबस्टॅकशी असलेला जुना जोड तुटलाय ना, हे तपासा. नाहीतर जुन्या वर्गण्यांतून 10 टक्के पुढेही कापले जाऊ शकतात.