राजारामपुरीतलं मेंदूविकारांचं क्लिनिक: थांबावं लागतं, पण डॉक्टर नीट समजावतात

बाबांना रंकाळ्यावर फिरताना फिट आली. कुणीतरी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा आणायला धावलं. आधीच्या दवाखान्यात एमआरआय झाला, हातात फिटच्या गोळ्या पडल्या. रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसरकोसिस’, म्हणजे मेंदूत जंताच्या अळीच्या गाठी. डुकराच्या मांसातला जंत, असं तिथं ऐकलं आणि आई रडायलाच लागली. बाबा माळकरी, आमच्या घरात अंडंही शिजत नाही.

या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी फिल्म लावून पहिल्यांदा आईलाच जवळ बोलावलं. अर्धकच्चं मांस खाल्लं तर पट्टकृमी पोटात होतो. मेंदूचा आजार मात्र त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती येतात ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या शौचातून; मग पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून कुणाच्याही तोंडात. अंड्यातली अळी आतड्यातून रक्तात, तिथनं मेंदूत. “काका, यात तुमच्या माळेचा काही दोष नाही,” हे ऐकून बाबांचा चेहरा सैल झाला. माझ्यासाठी तिथंच फी वसूल झाली.

दोन गाठी होत्या, एकीत बारीक ठिपका: ते किड्याचं डोकं. जिवंत किडा शरीराच्या प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतो, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. तो मरायला लागला की ताबा सुटतो, पांढऱ्या पेशी तुटून पडतात, भोवती सूज येते आणि त्या सुजेने फिट येते. म्हणूनच आधी सूज आवरणारं स्टेरॉइड, मग जंत मारणारं अल्बेंडाझोल. नुसतं जंताचं औषध दिलं तर किडे मरताना सूज भडकते आणि कवटीत तिला जागा नसते. त्याआधी डोळेही तपासून आणायला लावले. डोळ्यात गाठ असती तर त्याच सुजेने नजर गेली असती.

तक्रार आहेच. अकराची वेळ, नंबर लागला पावणेदोनला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. फिटच्या पेशंटला जिना चढवताना माझे हात थरथरत होते. याचं काहीतरी कराच.

सहा महिन्यांनी एक गाठ गेली, दुसरीचा चुन्याचा खडा झालाय. खड्यामुळेही फिट येऊ शकते, म्हणून फिटची गोळी चालूच. पुढच्या स्कॅनला इथंच जाणार, सकाळचा पहिला नंबर लावून.