हार्टफर्डजवळचं प्यूटरचं दुकान: भांडं उपडं करून बघू देणारे आजोबा

आधी सोयीगैरसोयीचं सांगते. दुकानाला पाटी नाही, वेबसाइट नाही, कार्ड चालत नाही. फोन करून वेळ ठरवायची आणि चेकबुक घेऊन जायचं. नाव लिहू नकोस असं मालकांनीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. कनेक्टिकटमध्ये जुन्या वस्तूंच्या कुठल्याही दुकानात अमेरिकन प्यूटरची चौकशी केलीत तर ह्यांचा नंबर मिळतोच.

राहत्या घरामागचं लाकडी कोठार, तेच दुकान. फळ्यांवर थाळ्या, वाडगे, झाकणाचे मोठे मग, चमचे. सगळं करडं. पहिल्या भेटीत मला दहा मिनिटांत कंटाळा आला होता, कारण काय बघायचं तेच कळत नव्हतं. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपल्या कल्हईचंच. त्यात थोडं तांबं, अँटिमनी किंवा बिस्मथ, आणि हलक्या मालात शिसं. चिनी मातीची भांडी स्वस्त होईपर्यंत इथल्या बेताच्या ऐपतीच्या घरांतही जेवण ह्यातच व्हायचं.

आपल्या रॉकी हिलच्या मंडळींना हे मुद्दाम सांगतेय. हार्टफर्डच्या इन्शुरन्स कंपन्यांच्या नोकऱ्या धरून आपण जिथं घरं घेतली, त्या गावाला पूर्वी स्टेपनी म्हणायचे, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी तिथं तिसरा थॉमस डॅनफर्थ प्यूटरची भांडी ओतत होता. तिसरा अशासाठी, की आजोबा, वडील आणि तो, तिघंही थॉमस आणि तिघंही ह्याच धंद्यात. पहिला थॉमस १७३३ मध्ये नॉर्विचला आला, दुसरा मिडलटाउनला गेला, पुढं सॅम्युअल डॅनफर्थ हार्टफर्डला, आणि डॅनफर्थांच्या मुलीकडून नातं लागणारे बोर्डमन भाऊही हार्टफर्डलाच. निम्म्या कनेक्टिकटला एकाच भावकीनं थाळ्या पुरवल्या म्हणा ना. दुकानातली एक अख्खी भिंत ह्या भावकीची आहे, आणि ती भिंत हेच इथं जायचं मुख्य कारण.

मालक माल दाखवतात तो मागच्या बाजूनं. थाळी हातात दिली की ती उपडी करायची, समोरून बघायला नंतर वेळ आहे. मागं लेथवर तासल्याच्या गोल रेघा दिसतात, कारण ओतलेली थाळी साच्यातून खडबडीत निघते आणि ती तासावी लागते. मधोमध कारागिराचा ठप्पा. इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हा डॅनफर्थांच्या ठप्प्यात सिंह, स्वातंत्र्यानंतर गरुड. ठप्प्याशेजारी बऱ्याचदा मुकुट आणि खाली एक्स असतो. इंग्लंडमध्ये ती उंची मालाची खूण. इथं तपासायला कारागिरांचा संघच नव्हता, त्यामुळे ज्याला वाटेल तो मारायचा. एक्स बघून पैसे वाढवू नका, हा सल्ला मला खुद्द दुकानदारानं दिला. असा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग मी विचारलं, एवढी वर्षं घराघरांत हीच भांडी होती तर राहिली इतकी थोडी कशी? ते सांगायला लागले आणि मला नाशिकच्या भांडी बाजारातलं मामाचं दुकान आठवलं. मोड! जुनी भांडी वजनावर घालायची, वरचे पैसे द्यायचे आणि नवीन घेऊन जायचं, अगदी तोच व्यवहार. वसाहतींत कामाला येईल असं कथील निघत नव्हतं. इंग्लंड तयार भांडी बिनजकात पाठवायचं आणि कच्च्या कथलावर मात्र जकात लावायचं, म्हणजे इथल्या कारागिराचं नाक दाबलेलंच. त्याच्याकडे धातू यायचा तो बहुतेक मोडीतून. साचे पितळ-काशाचे, महाग, म्हणून बापाचे मुलानं वापरायचे, आणि फॅशन बदलली तरी थाळीची घडण तीच राहायची. आजीची चेपलेली थाळी वितळून नातसुनेची व्हायची. इथल्या कारागिराच्या नावाची सर्वांत जुनी वस्तू सापडलीय ती जेम्सटाउनच्या उत्खननात, तीसुद्धा मोडका चमचा: व्हर्जिनियातल्या चकाटकचा जोसेफ कोपलँड, साल १६७५. दुकानात त्याचा फोटो टाचणीनं लावलाय.

ह्या दुकानाला मी पाचपैकी साडेचार देते ते एका पॉरिंजरमुळे. पॉरिंजर म्हणजे एका कानाचा बसका वाडगा. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ह्या ईशान्य भागातल्या, पॉरिंजरांचा कान बहुधा जाळीच्या नक्षीचा असतो. आजोबांनी वरचा दिवा मालवला आणि छोटी बॅटरी वाडग्याच्या आत आडवी धरली. कान बाहेरून जिथं जोडलाय, नेमकं त्याच्या पाठीमागं, आतल्या भिंतीवर कापडाची वीण उमटली होती. उभे-आडवे धागे वेगळे दिसत होते. कान वेगळा करून डाख दिलेला नव्हता. वाडगा तयार झाल्यावर कानाचा साचा बाहेरून आवळायचा आणि वितळलेला रस थेट त्यात ओतायचा. त्या उष्णतेनं भिंतीला भोक पडू नये म्हणून आतून वाळूची कापडी पुरचुंडी दाबून धरायची. भिंत क्षणभर मऊ होते, कापडाचा छाप घेते आणि थिजते. वीण नसली म्हणजे माल खोटाच असं नाही, घासून गेलेली असू शकते. पण ठप्पा छान, कान छान, आणि मागं डाखाची रेघ, असं दिसलं तर पाकीट परत खिशात घाला. ते पॉरिंजर प्रॉव्हिडन्सच्या सॅम्युअल हॅमलिनचं होतं आणि माझ्या आवाक्याबाहेर होतं. विकत घेणार नाही हे माहीत असूनही त्यांनी ते अर्धा तास दाखवलं.

आता तक्रारी. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि घासाघीस चालत नाही. मी मामाकडे वाढलेली असल्यामुळे करून बघितली. ते नुसते हसले.

दुसरी तक्रार चकाकीची. अर्धा माल ते कॉस्टिक सोड्यात बुडवून, पॉलिश करून ठेवतात. त्यांचं म्हणणं, त्या काळच्या बायका वाळूनं घासून भांडी लख्खच ठेवायच्या, काळेपणा नंतरच्या आळसाचा. इतिहास म्हणून ते खरं असेल. पण एकदा घासलेलं परत काळं करता येत नाही, आणि ठप्पा झिजला तर वस्तूचं नावच गेलं. मला हवी ती थाळी न घासता ठेवा, असं आधी फोनवर सांगता येतं. सांगा.

तिसरं, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटानिया मालाला ते नाक मुरडतात. ब्रिटानिया म्हणजे बिनशिशाचं, अँटिमनी घालून कडक केलेलं कथील. त्याचे पत्रे लाटायचे आणि लेथवर फिरवून भांडं घडवायचं. त्यांच्या मते तिथं कारागीर संपला आणि कारखाना सुरू झाला. मला ते पटत नाही. तळाच्या फळीवर धूळ खात पडलेल्या चहाच्या किटल्या देखण्या आहेत, आणि मालकाचंच लक्ष नसल्यामुळे स्वस्त आहेत. सुरुवात करणाऱ्यानं तिथून करावी.

ऑफिसात दहा वर्षांच्या नोकरीबद्दल मिळणारा चकचकीत 'पॉल रिव्हिअर बाउल' घेऊन मात्र तिकडे जाऊ नका. रिव्हिअर चांदीचं काम करायचा, मूळ भांडं १७६८ मधलं चांदीचं आहे आणि बॉस्टनच्या म्युझियममध्ये आहे. प्यूटरमधली ही विसाव्या शतकातली नक्कल. आजोबा तसल्या एकात किल्ल्या ठेवतात. फिलाडेल्फियाचा प्यूटर कारागीर विल्यम विल, त्याच्यासारख्यांचा मोठा माल त्यांच्याकडे नसतो. तो बघायला डेलावेअरमधल्या विंटरथर म्युझियमला जावं. प्यूटर संग्राहकांचा अमेरिकेतला क्लब १९३४ पासूनचा आहे, आणि त्याच्या जुन्या बुलेटिनांचा गठ्ठा मात्र कोपऱ्यात आहे. बसून कितीही चाळा, घरी नेऊ देत नाहीत.

मी घेतली ती सॅम्युअल डॅनफर्थची थाळी, आठ इंचांच्या आतबाहेर, दोनशे चाळीस डॉलर. पुढच्या बाजूला सुरीच्या रेघा भरपूर. एकेकाळी हिलाच दुप्पट मिळायचे, असं ते म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही. पावती हातानं लिहिली: कारागीर, गाव, ठप्पा अर्धवट झिजलेला, कडेला जुनी डाखाची दुरुस्ती, आणि ह्यातलं काही चूक ठरलं तर पूर्ण पैसे परत. दोष पावतीवर लिहून देणं ही ह्या दुकानाची खरी सेवा. लिलावांच्या साइटवर 'बहुधा अमेरिकन' ह्या दोन शब्दांत सगळी जबाबदारी झटकलेली असते.

घरी आणल्यावर दोन गोष्टी पाळा. गॅसजवळ ठेवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि प्यूटर कधीकधी त्याच्याही आधी. आणि त्यात वाढू नका, कारण जुन्या मालात शिसं किती ते डोळ्यांना दिसत नाही आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. आई आली होती तेव्हा चिंच घेऊन थाळीला भिडणार होती, वर लिंबाचं लोणचं वाढायचा बेत होता. थाळी आता भिंतीवर उंच टांगलीय.

सोमवारी बंद. हिवाळ्यात कोठारात हीटर एकच आणि तो आजोबांच्या पायाशी असतो, जाड मोजे घालून जा.