खेड्याची वाट की बॉम्ब?

झारशाहीविरुद्ध रशियन तरुणांनी दोन मार्ग चोखाळले. १८७४च्या उन्हाळ्यात हजारो जण शेतकऱ्यांसारखे कपडे घालून, त्यांना झारशाहीविरुद्ध जागं करायला खेड्यापाड्यांत गेले. शेतकऱ्यांना जमीन हवी होती, पण झारवर श्रद्धाही होती. त्यामुळे ते उठले नाहीत; पुढे या तरुणांपैकी १९३ जणांवर खटला चालला. तरी मला हाच मार्ग मोलाचा वाटतो. ज्यांच्यासाठी लढायचं, त्यांच्या दारात ही मुलं गेली तरी!

दुसरा मार्ग ‘नरोदनाया वोल्या’ (लोकेच्छा) या गुप्त क्रांतिकारी संघटनेचा. मार्च १८८१, पीटर्सबर्ग, कालव्याचा काठ. संघटनेच्या सोफिया पेरोव्स्कायाने रुमालाने इशारा केला. पहिल्या बॉम्बमधून झार अलेक्झांडर (दुसरा) बचावला, बग्गीतून उतरला आणि दुसऱ्या बॉम्बला बळी पडला. त्याच सकाळी त्याने मर्यादित सुधारणांचा मसुदा मंजूर केला होता. मुलाने तो गुंडाळून ठेवला, दडपशाही आणखी आवळली आणि पेरोव्स्कायासह पाच जणांना फासावर चढवलं.