वर नवं मल्च, खाली जुनाच थर: बागेच्या कामात पैसे कुठे बुडतात

मे महिना आला की बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागांसाठी ठरावीक कोटेशन येतं: जुनं मल्च (वाफ्यातली माती झाकायला पसरलेला थर) काढणे, वाहून नेणे, नवीन रंगीत वुडचिप्स 3 इंच जाडीने पसरणे. काम एका दिवसात उरकतं, वाफे लालचुटुक दिसतात, पैसे चुकते होतात. फसवणूक कळते ती ऑगस्टमध्ये, आणि तोवर कंत्राटदार फोन उचलत नाही.

आधी हिशोब समजून घ्या. वाफे 400 चौरस फुटांचे असतील तर 3 इंच, म्हणजे पाव फूट थराला 100 घनफूट माल लागतो. बरोबर एक ब्रास. लिटरमध्ये हे साधारण 2,830 होतात, म्हणजे 50 लिटरच्या 57 गोण्या. बिलावरही 57च लिहिलेल्या असतात, मोजल्या तरी 57च भरतात, म्हणून मालक निर्धास्त राहतो. पण गोणीत माल 30 लिटरच असला तर एकूण भरतो 1,710 लिटर आणि थर होतो जेमतेम पावणेदोन इंच. मग पट्टी रोवल्यावर 3 इंच दिसतात ते कसे? जुना थर काढलेलाच नसतो! त्याच्या कडा तेवढ्या खरवडतात, चार-पाच गोण्या गेटबाहेर नेऊन दाखवतात आणि उरलेल्यावर नवा माल अंथरतात. माल कमी दिला तो दिलाच, वर न केलेल्या कामाची मजुरीही घेतली.

हे पकडायला रंगाचा रिकामा 20 लिटरचा डबा पुरे. कोणतीही एक गोणी स्वतः निवडा आणि माल न दाबता डब्याने मोजा. 50 लिटरच्या गोणीतून अडीच डबे निघालेच पाहिजेत. पसरून झाल्यावर पाणी मारायला लावा, माल बसू द्या, मग पाच ठिकाणी खुरप्याने उभा काप घ्या. वर लाल चिप्स, खाली करडा-काळा थर, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि आडवी दाबलेली हरळी दिसली की प्रकार उघडा पडतो. लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या नसतील तर तो 3 इंचांतूनही वर येतो. तेव्हा तण काढण्याची मजुरी लावली असेल, तर गाठींचं घमेलं डोळ्यांनी बघा.

जुनं सगळंच फेकायचं नसतं, हेही कोणी सांगत नाही. तळाशी काळा, भुसभुशीत, जंगलातल्या मातीसारखा वास येणारा थर असतो. ते तयार खत आहे. ते गोणीत भरून बाहेर जाऊ देऊ नका. काढायचा तो चिकटून पापडासारखा झालेला थर. त्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी खाली न उतरता बाजूने ओघळलं तर तो फोडा, कुजका भाग उचला. जुन्यावर दरवर्षी नवं चढवत गेलं की थर 5-6 इंचांचा होतो, मुळं हवेसाठी त्यातच वर येतात आणि उन्हाळ्यात सुकतात. खोडाभोवती ढीग रचला तर साल कायम ओली राहून कुजते. खोडापासून चार-पाच इंच जागा मोकळीच हवी. काळ्या मातीत पावसाळ्यासाठी 2 इंच पुष्कळ झाले. जास्त थरात गोगलगायींना आयती जागा मिळते.

आता माल. रंगामुळे सहसा नुकसान होत नाही. लाल रंग बहुतेक लोहाच्या ऑक्साइडचा असतो. भीती आहे ती रंगाखालच्या लाकडाची. पॅकिंगच्या खोक्यांचा, पॅलेटचा, प्लायवूडचा चुरा रंगवून खपवतात. मूठभर चिप्सवरून लोहचुंबक फिरवा. खिळे, पिना चिकटतील. थर सुटणारे चपटे तुकडे म्हणजे प्लाय. एखाद्या फळीवर ‘एमबी’ (MB) शिक्का दिसला तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं आहे. ‘एचटी’ (HT) म्हणजे फक्त उष्णतेची प्रक्रिया. हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड तांबं-आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं असू शकतं, ते भाजीच्या वाफ्यात नकोच. चिप्स भिंतीच्या जोत्यालाही टेकवू नका, फूटभर अंतर सोडा, नाहीतर वाळवीला आडोसा मिळतो.

गोणी उघडताच व्हिनेगरसारखा किंवा सडक्या अंड्यांचा भपकारा आला तर ती उतरवूच देऊ नका. ओला माल हवा न लागता ढिगात आंबला की त्यात आम्ल तयार होतं. असा माल टाकल्यावर एक-दोन दिवसांत कोवळी पानं करपतात आणि दोष उन्हावर ढकलला जातो.

आणि सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे पांढरे दगड. नदीतले गोटे किंवा गारगोटी सांगून संगमरवराचा चुरा देतात. घेण्याआधी एक खडा फरशीवर घासा, पडलेल्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गारगोटीला काहीच होत नाही. चुरा हळूहळू विरघळून मातीचा सामू (pH) वाढवतो आणि इक्झोरासारख्या आम्लप्रिय झाडाला लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचं लक्षण. माळी युरिया टाकतो, पिवळेपणा तसाच राहतो, झाड मात्र उगाच बदनाम होतं.

हे आधीच झालं असेल तर दगड फावड्याने उचला, वरची इंचभर माती चाळून चुरा वेगळा करा. खाली प्लास्टिक अंथरलेलं असेल तर तेही काढा, माती घट्ट दगडासारखी झालेली सापडेल. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, 10-15 दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग सहजासहजी निघत नाहीत. मग पालापाचोळा किंवा नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे 2 इंच पसरा.

नव्या कामाच्या कोटेशनमध्ये ‘पाणी मारून बसल्यावर 3 इंच’ हे शब्द, एकूण लिटर आणि लाकूड कशाचं हे लिहून घ्या. शेवटचा एक तृतीयांश हप्ता खुरप्याचे पाच काप बघितल्यावरच द्या.