हॉबी १६ की नव्या हलची एफ १६: कोल्हापुरातून रेगाटा खेळणाऱ्यांसाठी

कॅटमरानच (दोन हल, म्हणजे नावेची दोन पोकळ अंगं, जोडलेली शिडाची नाव) घ्यायची, दोघांनी चालवायची, रेगाटात (शिडाच्या नावांच्या शर्यतीत) उतरवायची, इथवर ठरलंय आणि आता गाडं हलवर, म्हणजे जुनी हॉबी १६ की नव्या हलची एफ १६ यावर, अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. लांबी-रुंदीचे तक्ते कुठेही मिळतात. ते इथे लागतील तेवढेच येतील.

आपलं वर्ष दोन पाण्यांत वाटलेलं असतं. ऑक्टोबर ते मे घाट उतरून तारकर्ली, मालवण किंवा रत्नागिरी. जूनमध्ये समुद्र बंद झाला की घरचं तळं, नाहीतर परवानगी मिळाली तर धरणाचं पाणी. किनाऱ्यावर दुपारी खारा वारा धरतो आणि संध्याकाळपर्यंत साधारण एकाच अंगाने वाहतो. तळ्यावर तसं नाही. पावसाळी पश्चिमेचा वारा झाडांवरून, इमारतींवरून, टेकड्यांवरून फुटून येतो. वीस-तीस अंशांनी फिरतो, मधेच बसतो, मग एकदम थापड मारल्यासारखा येतो. हल निवडताना बहुतेक जण फक्त समुद्राचा विचार करतात. मला वाटतं, कोल्हापूरकराने आधी तळ्याचा करावा.

हॉबी १६ चा आराखडा पन्नास वर्षांहून जुना. हलची बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. वाऱ्याखालचा (वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा) हल पाण्यात दाबला गेला की हा आकारच नावेला वाऱ्याकडे रेटतो, म्हणून डॅगरबोर्ड (हलच्या खोबणीतून पाण्यात खाली सरकवायची फळी) लागत नाही. सुकाणू आपटलं की वर उचकटतं. वाळूवर सरळ चढवा, उतरा, शीड सोडा, झालं. देवबागच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे दर हंगामात जागा बदलतात. तिथे या साधेपणाची किंमत कळते.

तिचा प्रसिद्ध दोष म्हणजे नाक बुडणं. पुढचा भाग बारीक, डेक (हलची वरची बाजू) सपाट. जोराच्या वाऱ्यात आडव्या चालीवर (वारा बाजूने घेत जाताना) वाऱ्याखालचं नाक खाली गेलं की डेकवर पाणी साचतं, नाव थबकते आणि मागची बाजू डोक्यावरून पुढे येते. उपाय ठरलेले आहेत: दोघांनी मागच्या कोपऱ्यात जायचं आणि आधी जिब (पुढचं छोटं शीड) सैल करायचं, कारण नाक खाली दाबतं ते जिब. सवयीने हे जमतं. नाक बुडतं म्हणून हॉबी नाकारावी, या मताचा मी नाही.

खरी कटकट टॅकची, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून नाक फिरवून दुसऱ्या बाजूला वळण्याची.

दोन लांब हल, वजन १४५ किलो म्हणजे गती टिकवणारा भार फार नाही, आणि फिरायला मध्ये बोर्डाची खुंटी नाही. वाऱ्याच्या तोंडावर आली की हॉबी १६ उभी राहते. नीट टॅक करायचा तर आधी वेग घ्या, मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) पूर्ण ओढा, सुकाणू झटका न देता पण ठामपणे फिरवा. नाक वाऱ्यावर आलं की मेनशीट दीड-दोन फूट सोडा. नाही सोडली तर मोठं शीड नावेला पुन्हा वाऱ्याकडे वळवतं. जिब लगेच पलटायचं नाही. ते उलट्या बाजूने भरू द्या, नाक पलीकडे ढकलू द्या, मगच पलटा. एवढं करूनही मधेच वारा बसला की नाव अडकली. मग बूम (मोठ्या शिडाच्या तळाचा दांडा) आणि टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही एकाच बाजूला ढकलायचे, नावेला मागे सरकत वळू द्यायचं, आणि कोन मिळाला की दोन्ही आपल्याकडे ओढायचे.

समुद्रावर हे चालून जातं. वाऱ्याविरुद्धची चाल लांब असते, दोन-तीन टॅकमध्ये मार्क (वळसा घालायची तरंगती खूण) येतो. तळ्यावर मात्र काठ सतत आडवा येतो आणि वारा फिरला की फिरावंच लागतं. शर्यत म्हणजे टॅकचीच मालिका. प्रत्येक टॅकला चार-पाच नावांच्या लांबीएवढं मागे पडायचं आणि एखाद्याला पूर्ण उभं राहायचं, हे किती दिवस सोसायचं? वारा डावीकडे वळलेला दिसतोय, आता टॅक करायलाच हवा हेही कळतंय, पण नाव उभी राहील या धास्तीने तो टाळला जातो. तिथे शर्यत हातची जाते. मला वाटतं, डावपेच शिकायच्या वयात तर हे फारच महाग पडतं, कारण खेळाडू वारा वाचायचं सोडून टॅक वाचवायला शिकतो. माझा काटा एफ १६ कडे झुकला तो इथेच.

आता दुसरी बाजू. वायपर, नाक्रा एफ १६, फाल्कन या सगळ्या एफ १६ च्या चौकट नियमांतल्या नावा: लांबी ५ मीटर, रुंदी २.५ मीटर, मेन शीड १५ चौरस मीटर, स्पिनेकर (वाऱ्याखाली जाताना पुढे उघडायचं मोठं फुगीर शीड) साडेसतरा. या मर्यादेत हल कसाही बनवा. त्यामुळे सगळी स्पर्धा आकाराची. नव्या हलचं नाक उभं किंवा मागे कललेलं असतं. घनफळ वर डेकपाशी न ठेवता खाली पाण्याच्या रेषेजवळ आणलेलं असतं आणि डेक गोलसर, म्हणजे पाणी साचत नाही, ओघळतं. मागचा तळ सपाटीकडे झुकलेला, त्यामुळे नाव पुढे-मागे डुलत कमी आणि वेगात मागून उचलली जाते. लाटेवर चढून आपटण्यापेक्षा ती लाट कापून जाते. तारकर्लीच्या दुपारच्या आखूड, खड्या लाटांत हा फरक चटकन जाणवतो.

पण हा हल वजनाच्या जागेबद्दल फार नखरेल. मंद वाऱ्यात दोघांनीही पुढच्या बीमपाशी (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यापाशी) सरकायला हवं. मागे वळून पाण्याकडे बघा: मागच्या टोकाशी खळखळाट आणि भोवरे दिसत असतील तर तुम्ही फार मागे बसलाय. पाणी गुळगुळीत सुटलं पाहिजे. जोरात मात्र उलटं. आणि लाट कापणारं नाक आगाऊ इशारा कमी देतं. हॉबीचं नाक बुडायला लागलं की चालवणाऱ्याला आधी कळतं. इथे पाणी पुढच्या बीमला लागेपर्यंत सगळं छान चाललेलं असतं, मग एकदम ब्रेक. अशा वेळी स्पिनेकर वर असेल तर मेनशीट भस्सकन सोडू नका. या नावांना मागचा ताण नसतो. स्पिनेकरचा भार पेलणाऱ्या डोलकाठीला मागून धरून ठेवते ती मेनशीटच. ती सुटली की काठी पुढे वाकते आणि मोडूही शकते. वाऱ्याखाली वळा, स्पिनेकरची शीट सोडा.

टॅकबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण सांगण्यासारखं काही राहतच नाही. दोन्ही बोर्ड खाली असले की नाव त्यांच्यावर फिरते. मेन हातभर सैल, जिब जवळजवळ लगेच पलटलं तरी चालतं, आणि बसलेल्या वाऱ्यातही ती अडकण्याची वेळ क्वचित येते.

बोर्डांचा जाच मात्र खरा आहे, तो लपवत नाही. बोर्ड सुकाणूसारखे उचकटत नाहीत. दहा-बारा नॉटला वाळूच्या पट्ट्यावर बोर्ड टेकला की त्याची मागची कड खोबणीच्या मागच्या कडेवर आपटते आणि खोबणीच्या तळाशी चीर जाते. खोबणीच्या मागच्या टोकाला दाट रबराची पट्टी चिकटवा आणि पुरुषभर पाण्याच्या आत आलात की बोर्ड निम्मे वर घ्या. तळ्यात दुसरीच गंमत: जलपर्णी वर तरंगते ती दिसते तरी, पण पाण्याखालचं शेवाळ बोर्डाला गुंडाळतं आणि नाव का मंदावली ते कळत नाही. बोर्ड वीतभर वर-खाली दोन-तीनदा केले की बरंचसं सुटतं. सुकाणू एकेक उचलून झटकावं लागतं. हॉबीला यातलं निम्मंच करावं लागतं, हे प्रामाणिकपणे तिच्या बाजूला लिहायला हवं. अगदी आखूड कोर्सवर (शर्यतीच्या मार्गावर), जिथे वाऱ्याखाली जाणारी चाल तीनशे मीटरही नसते, तिथेही पारडं हॉबीकडे झुकतं. एफ १६ वाल्यांचा स्पिनेकर भरतो न भरतो तोच उतरवायची वेळ होते.

रेगाटाचं गणित काय? एकाच प्रकारच्या नावा जमल्या तर हॉबी १६ इतकी निखळ शर्यत दुसरी नाही. दोघांचं मिळून किमान वजन १२९.३ किलो, कमी भरलं तर शिसं बांधा, बाकी सगळ्यांची नाव सारखी. २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत हीच नाव होती; हांगझोला मिश्र जोडीसाठी नाक्रा १७ आली. पण आपल्याकडे बहुधा मिश्र ताफा जमतो, आणि मग आकड्यांचा हिशोब: घेतलेला वेळ भागिले नावेचा गुणांक. समजा एकीचा १.० आणि दुसरीचा १.२, तर पहिलीची ६० मिनिटं आणि दुसरीची ७२ बरोबरीची. हा गुणांक नावेच्या मापांवरून निघतो. लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ. तळ्यावर किती वेळा फिरावं लागलं हे त्याला माहीत नसतं. सवलत मिळूनही हॉबी तळ्यावर मागे राहते ती यामुळे. किनाऱ्यावर लांब कोर्स असेल तर ती हिशोबात सहज वर येते, हेही पाहण्यातलं आहे.

यापुढचा मुद्दा अगदी आपला. हॉबीचा वर्ग कडक: सुटे भाग मूळ कंपनीचेच. सुकाणूची पिन उद्यमनगरात ३१६ स्टीलच्या सळईतून तासून मिळेल, सरावाला चालेलही, पण मोजणी असलेल्या स्पर्धेत हरकत निघू शकते. एफ १६ मध्ये चौकट पाळली की भाग कुठे बनवलात हे कोणी विचारत नाही. घरी बांधलेल्या नावाही या वर्गात खेळतात. ज्या गावात लेथ, ओतकाम आणि जिद्द तिन्ही हाताशी आहेत, तिथे हा फरक छोटा नाही. फक्त डोलकाठीचा ॲल्युमिनियम सेक्शन इथे मिळेल या भ्रमात राहू नका. ती आली तशीच जपायची. आणि ती उभी करण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघायचं, किनाऱ्यावरच्या गल्ल्यांत तर हमखास.

जोडीदार मिळत नाही हे इथलं कायमचं दुखणं. एफ १६ जिब काढून एकट्याने चालवता येते, स्पिनेकरसह, आणि वर्गाच्या नियमांना तेही मान्य आहे. हॉबी १६ उलटली तर एकट्याने सरळ करणं बहुतेकांच्या वजनाबाहेरचं काम आहे.

एफ १८ चं (एफ १६ हून मोठ्या नावांच्या वर्गाचं) आकर्षण मला कळतं. ताफा जगभर मोठा, हल सर्वांत पुढारलेले. पण १८० किलो वजन आणि २.६ मीटर रुंदी घेऊन करूळ घाटाची वळणं, मग वाळूवर दोघांनी ओढणं, नकोच. अपवाद एकच: दोघांचं मिळून वजन दीडशेच्या बरंच वर असेल (तांबड्या-पांढऱ्याच्या कृपेने आपल्याकडे ते अवघड नाही) तर एफ १६ तुमच्याखाली दबेल आणि एफ १८ हसत उचलेल. तरण्या पोरांना ऑलिंपिकचा रस्ता धरायचा असेल तर नाक्रा १५ बघावी, तो वेगळा विषय.

घाटाबद्दल एक गोष्ट दोन्ही नावांना लागू, पण पातळ हलच्या नव्या नावेला जास्त. कोल्हापूर समुद्रापेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. खाली बंद केलेला हल वर आणला की बाहेरचा दाब सुमारे सहा टक्के कमी होतो आणि आतली हवा जोड फाकवू बघते. वरून उन्हाने ती आणखी तापते. गाडी निघण्याआधी दोन्ही हलची बुचं काढून डब्यात ठेवा. पावसाळ्यात धरणावर जाणार असाल तर जलसंपदा विभागाची परवानगी घ्या आणि भिंतीकडची बाजू टाळा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला कोणाची वाट बघत नाहीत.

वापरलेली घेत असाल, आणि पहिली नाव वापरलेलीच घ्यावी, तर हॉबीच्या डेकवर, चौकट उभी असते त्या खांबांच्या आसपास, नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज बद्द झाला तिथे आतला फोम सुटलाय. मग एक नाक धरून उचला. दुसरं लगेच सोबत आलं नाही तर कोपऱ्यांचे सांधे ढिले आहेत. एफ १६ मध्ये आधी बोर्डाच्या खोबणीचा तळ बघा. तिथल्या आणि डेकच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुचाच्या भोकाला नळी लावून फुंका, बुडबुडे कुठे येतात ते पेनने खुणा करून ठेवा. कोणीतरी उत्साहाने कॉम्प्रेसर घेऊन येईल, त्याला नको म्हणा. तोंडाने जेवढी हवा जाते तेवढी पुरते. कॉम्प्रेसरने जोड उघडला तर ती नाव तुम्हालाच घ्यावी लागेल.