घडीचं स्टूल, 380 रुपये : गणपतीपासून पाडव्यापर्यंत वापरून

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातल्या एका गाडीवरून गणपतीच्या आधी हे घडीचं लोखंडी स्टूल घेतलं. घरासाठी नाही, कामावर न्यायला. नौपाड्यात ड्रेस मटेरियलच्या दुकानात मी नऊ वर्षं काउंटरला उभी असते. सकाळी दहाला उभी राहिले की दुपारच्या जेवणालाच टेकायचं. कळव्याहून येताना लोकलमध्येही उभीच.

आधी स्टुलाबद्दल. उंची साधारण दीड फूट, त्यामुळे उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. त्याच गाडीवर याहून बुटकं स्टूल 250 ला होतं. ते घेऊ नका, दिवसातून चाळीस वेळा त्यावरून उठायचं असतं. घडी केली की काउंटरखाली ठाणांच्या शेजारी सरळ मावतं. पायांची रबरी टोपणं मात्र दोन महिन्यांत निघाली आणि लादीवर कर्कश आवाज यायला लागला. नवी बसवायला वीस रुपये गेले. घडी करताना बोट सांभाळा, माझं एकदा चांगलंच चिमटलं आहे. बैठकीचं रेक्झिन अजून शाबूत आहे.

पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कामावर बसायला मिळतं का?" त्यांची चिठ्ठी दाखवली तेव्हा शेठ स्टूल ठेवायला तयार झाले. त्याआधी म्हणायचे, "ताई, गिऱ्हाईक आत आलं आणि तुम्ही बसलेल्या दिसलात तर बरं दिसत नाही." माणूस वाईट नाही. पगार वेळेवर देतात. पण लहानपणी आईबरोबर मी साड्यांच्या दुकानात जायचे, तिथे पांढऱ्या चादरीची गादी असायची. दाखवणारा आणि घेणारी दोघंही बसलेली. तेव्हा कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही.

आता आम्ही चौघी आळीपाळीने बसतो. दिवाळीच्या गर्दीत स्टूल घडीतच राहिलं, विक्री काही कमी झाली नाही. संध्याकाळी सातनंतर माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, हे बाकीच्यांनीच मला सांगितलं.

तरीही हे स्टूल मी नाही, दुकानाने विकत घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. माझे मिस्टर वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात प्रेसवर होते. उभ्याने काम करणाऱ्याला उसंत मिळेल तेव्हा बसता यावं, ही सोय 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 44 खाली लिहिलेली होती. त्यांच्या खात्यात बाक होते, ते मी पाहिलेत. दुकानांसाठी महाराष्ट्रात 2017 चा कायदा आहे. त्यात पिण्याचं पाणी, शौचालय, पन्नास कामगार असतील तर पाळणाघर, शंभर असतील तर कॅन्टीन, असं आहे. पण कायदा आला तेव्हाच या सोयी दहा किंवा जास्त कामगार असतील तिथेच ठेवल्या होत्या. आम्ही सातजण. आमच्या रांगेतल्या बहुतेक दुकानांत याहून कमी माणसं आहेत.

केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय मालकावर बंधनकारक केली. केरळात कोळिकोडच्या दुकानांतल्या बायका त्यासाठी लढल्या होत्या.

शेजारचे दुकानदार म्हणतात, प्रत्येक गोष्टीला कायदा कशाला, माणुसकीने होतं सगळं. माझ्या बाबतीत माणुसकीला डॉक्टरांची चिठ्ठी लागली. समोरच्या दुकानातली मुलगी सातव्या महिन्यापर्यंत उभी होती, तिच्याकडे तर चिठ्ठीही होती. एका स्टुलाला 380 रुपये पडतात. एवढ्यासाठी तिने कुणाची मर्जी का राखायची? सात माणसांच्या दुकानालाही बसायच्या सोयीचा नियम लागू व्हायला हवा, आणि तपासायला माणूस यायला हवा.

स्टूल घ्यायला हरकत नाही. घेताना पाय उघडून खालचा रिव्हेट हलवून बघा, ढिला असेल तर दुसरं मागा. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, आणखी एक लागेल, या वेळी दुकानाच्या खात्यातून आणा. "बघू" म्हणालेत. सोमवारी परत विचारणार आहे.